पुरानंतर पंचायतीची एसडीआरएफ फाईल करून देणारे: कोणत्या कामाला घ्यावेत, कोणत्या नाही

दूधगंगा-वेदगंगा पात्राबाहेर आल्या की कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी हे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी दर पावसाळ्यात येते. पाणी उतरल्यावर ग्रामपंचायतीत जे सुरू होतं त्याची बातमी होत नाही. जेसीबी लावलेला असतो, टँकर फिरवलेले असतात, काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या तात्पुरत्या निवाऱ्यात, चार-चार दिवस माणसं जेवलेली असतात, वाहून गेलेल्या मोरीवर मुरूम टाकलेला असतो. हा खर्च राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून, म्हणजे एसडीआरएफमधून, परत मिळवायचा तर फाईल लागते. अशा फाईली करून देणारे लोक तालुक्याच्या गावी आता सहज भेटतात. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिक्कोडी, कागवाड, गोकाक, खानापूर भागातल्या पंचायत सदस्यांना आणि पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) त्यांचा उपयोग किती, याचा हा आढावा.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. मोजमाप आणि अंदाजपत्रक यांसाठी ही सेवा पैसे मोजून घ्यावी अशी आहे. मंजुरी ‘आणून देण्यासाठी’ घेतली तर पैसे गेले समजा. आणि पाणी पूर्ण ओसरल्यावर बोलावलेला माणूस कितीही हुशार असला तरी त्याच्या हातात निम्मंच काम उरलेलं असतं.

सेवा देणारे ढोबळमानाने तीन प्रकारचे. पहिले निवृत्त ज्युनियर इंजिनिअर किंवा ओव्हरसिअर. जागेवर येतात, टेप लावतात, सरकारी दर पत्रकातले दर त्यांना तोंडपाठ असतात. दुसरे कचेरीसमोरचे टायपिंग आणि झेरॉक्सवाले. कन्नड मसुदा ते सुरेख करून देतात, पण कच्चा माल तुमचा असतो. मोजमाप चुकीचं असेल तर ते शुद्ध कन्नडमध्ये चुकीचं टाईप होऊन येतं. तिसरे ‘सगळं बघतो’ म्हणणारे. यांचं काम काय ते शेवटपर्यंत नेमकं कळत नाही. पहिल्या प्रकाराला आम्ही पाचपैकी चार गुण देऊ, दुसऱ्याला तीन. तिसऱ्याला गुण द्यायचं कारण दिसत नाही.

चांगला माणूस ओळखायचा एक सोपा मार्ग म्हणजे तो पहिला प्रश्न काय विचारतो ते बघणं. ‘किती लाखांची फाईल करायची’ असं विचारणारा नको. ‘यातला कोणता खर्च कुणाच्या लेखी आदेशावर झाला’ असं विचारणारा कामाचा. कारण पुराचा पैसा एका वाटेने येत नाही.

घर, पीक आणि जनावर यांची भरपाई थेट माणसाच्या खात्यात जाते, तीही महसूल खात्याकडून ‘परिहार’ सॉफ्टवेअरमधून. २०२२ च्या निकषांप्रमाणे सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये. किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००, गोठ्याला ३,०००. दुभती गाय किंवा म्हैस गेली तर ३७,५००. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बारमाही पिकाला २२,५००, तेही २ हेक्टरपर्यंत. राज्य सरकार यावर आपली भर घालतं तेव्हा घराचा आकडा बराच वाढतो. या वाटेवर पंचायत दावेदार नसते. तिचं काम पंचनाम्याला, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत महजरला, माणूस देणं एवढंच. तरीही काही फाईलवाले घरांच्या यादीचे पंचायतीकडून वेगळे पैसे घेतात. ते देऊ नयेत. ही यादी ग्राम प्रशासन अधिकारी (पूर्वीचे ग्राम लेखाधिकारी), पीडीओ आणि इंजिनिअर यांच्या संयुक्त पाहणीतूनच व्हायची असते.

दुसरी वाट तातडीच्या मदतकार्याची. पिण्याच्या पाण्याचा पुरवठा, सार्वजनिक जागेतला गाळ आणि राडारोडा काढणं, तुंबलेलं पाणी उपसणं, मेलेल्या जनावरांची विल्हेवाट, बोटी, तात्पुरता निवारा आणि जेवण हे सगळं एसडीआरएफच्या यादीत आहे. यातली बहुतेक कामं साधारण ३० दिवसांच्या मर्यादेत बसावी लागतात. हा पैसा जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि तहसीलदारांच्या पीडी (पर्सनल डिपॉझिट) खात्यातून सुटतो. तिसरी वाट पंचायतीच्या आणि सरकारी मालमत्तेच्या तातडीच्या दुरुस्तीची: रस्ता, मोरी, पाणी योजना, शाळा, आरोग्य केंद्र, पंचायतीच्या इमारती. फाईलवाल्याचं खरं काम या दोन वाटांवर आहे.

दुसऱ्या वाटेवर सगळ्यात जास्त पैसा अडकतो, आणि अडकतो तो एका कागदावाचून. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५० मध्ये पंचायतीच्या उपयोगाची मोठी तरतूद आहे. मदतीसाठी तातडीची खरेदी गरजेची आहे असं जिल्हा प्राधिकरणाला वाटलं तर ते एखाद्या खात्याला किंवा प्राधिकरणाला तशी खरेदी करायला अधिकार देऊ शकतं, आणि मग टेंडर मागवण्याची नेहमीची पद्धत माफ झाली असं मानलं जातं. प्राधिकरणाने नेमलेल्या नियंत्रक अधिकाऱ्याने माल वापरल्याचा दाखला दिला की तो हिशेबासाठी व्हाउचर म्हणून चालतो. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सह-अध्यक्ष जिल्हा पंचायतीचे अध्यक्ष असतात. अडचण अशी की पुराच्या रात्री तहसीलदार फोनवर ‘लावा जेसीबी’ म्हणतात, पंचायत लावते, आणि आदेश फोनमध्येच राहतो. ऑडिटला फोन चालत नाही.

म्हणून जाणकार फाईलवाला पूर चालू असतानाच पीडीओंकडून एक पानी पत्र तयार करून घेतो: अमुक तारखेला अमुक वाजता तोंडी सूचना मिळाली, त्याप्रमाणे अमुक नंबरचं यंत्र अमुक ठिकाणी लावलं, कार्योत्तर आदेश मिळावा. हे पत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत आवक नंबर घेऊन द्यायचं. दहा ओळींचा कागद, पण पुढची सगळी बिलं याच्यावर उभी राहतात. महिनाभराने मागची तारीख घालून ते करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. आवक रजिस्टरमध्ये मागची ओळ मोकळी नसते आणि फसली तर सही पीडीओची असते.

जेसीबीच्या लॉगशीटबाबतही हेच. ‘३ दिवस जेसीबी भाडे’ असं एका ओळीचं बिल कुठेच टिकत नाही. दर दिवसाचं वेगळं पान हवं. यंत्राचा नोंदणी क्रमांक, सुरू केल्याची आणि थांबवल्याची वेळ, मीटरचं रीडिंग, कुठून कुठपर्यंत काय काम झालं, डिझेल कुणी घातलं, ड्रायव्हरची सही, पंचायतीच्या माणसाची सही. डिझेल पंचायतीने घातलं आणि भाड्याचा दरही डिझेलसह लावला, ही चूक फार होते. मग एक रक्कम कापली जाते आणि उरलेल्या फाईलीकडेही संशयाने पाहिलं जातं. काळजी केंद्राचंही तसंच. धान्य-किराण्याचं बिल सगळे जोडतात. रोजची हजेरी यादी, कुटुंबप्रमुखाच्या सहीसकट, थोडे जोडतात, आणि जेवणाचा खर्च मंजूर होतो तो या यादीवरून.

आता सीमाभागाची खास गोष्ट, जी बाहेरून आलेल्या माणसाला हमखास कळत नाही. आपल्याकडचा पूर पुष्कळदा आपल्या पावसाने येत नाही. पाऊस पडतो राधानगरीला, पाटगावला, काळम्मावाडीच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात, आणि पाणी चढतं सदलग्यात, येडूरला, कुडचीला. कर्नाटकात केएसएनडीएमसीची, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची, पर्जन्यमापकं ग्रामपंचायत पातळीवर आहेत. फाईलवाला सवयीने त्यांचा पावसाचा आकडा जोडतो, तो निघतो किरकोळ, आणि वरून शेरा येतो: अतिवृष्टी दिसत नाही. खानापूरला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाचा आकडा जोडणं बरोबर आहे, कारण तिथे भिंती पडतात त्या तिथल्याच पावसाने. दूधगंगा-कृष्णेच्या काठाला मात्र नदीच्या पातळीचा पुरावा लागतो. केंद्रीय जल आयोगाची मापन केंद्रं सदलगा आणि कुरुंदवाडला आहेत. त्या दिवसांची पातळी, सोबत धरणांतून आणि राजापूर बंधाऱ्यावरून सोडलेल्या पाण्याचे प्रसिद्ध झालेले आकडे, आणि गावातल्या शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर पाणी किती फुटांपर्यंत आलं होतं त्या खुणेचा टेप लावून काढलेला फोटो. एवढं जोडलं की अतिवृष्टीचा प्रश्न निघत नाही. ज्याने हे सांगितल्याशिवाय केलं तो माणूस आपल्या भागात काम केलेला आहे, हे ओळखावं.

मोजमापाकडे वळू. पुढचं उदाहरण नमुन्याचं आहे, पण फाईली फसतात त्या नेमक्या इथे. पाणंद रस्ता ४० मीटर लांबीत, ३ मीटर रुंदीत, सरासरी ०.६ मीटर खोल वाहून गेला. ४० गुणिले ३ गुणिले ०.६, म्हणजे ७२ घनमीटर. अंदाजपत्रक घनमीटरमध्येच होणार, कारण दर पत्रक घनमीटरचं आहे. मुरूमवाल्याचं बिल मात्र ब्रासमध्ये येतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. कागदावर ७२ घनमीटरचे झाले २५ ब्रास. पण दाबून बसवलेल्या ७२ घनमीटरला सैल मुरूम चौथा हिस्सा तरी जास्त लागतो, म्हणजे ९० घनमीटर, जवळपास ३२ ब्रास. मोजमाप पुस्तकात (एमबीत) ७२ घनमीटर आणि बिल ३२ ब्रासचं, आणि दोघांमधला हिशेब कुठेच लिहिलेला नाही, की ७ ब्रास जास्त लावले असा आक्षेप तयार. खरं तर कुणी काही खाल्लेलं नसतं. सैल आणि दाबलेल्या मापाची दोन ओळींची टीप एमबीत हवी, एवढंच. चांगल्या ओव्हरसिअरची फी या दोन ओळींत वसूल होते.

खोलीची सरासरीही अशीच. मधोमध सगळ्यात खोल जागी टेप लावून तोच आकडा सगळ्या लांबीला लावायचा, हा प्रकार सर्रास चालतो. तपासणीला आलेला इंजिनिअर खड्ड्याच्या कडा बघून ते लगेच ओळखतो. दर ५ मीटरवर आडवा छेद घ्यावा, ४० मीटरला ९ छेद होतात, आणि प्रत्येक छेदाचा फोटो पट्टी धरून घ्यावा. फोटोवर अक्षांश-रेखांश आणि तारीख उमटवणारं कुठलंही कॅमेरा ॲप चालतं. मात्र फोन घरी नेऊन मग फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले की मूळ फाईलमधली स्थळाची माहिती जाते. मूळ फोटो पेनड्राईव्हमध्ये ठेवावेत.

पुराआधीची स्थिती हा आणखी एक खुंटा. मोरी पुराने गेली, की आधीच मोडलेली होती? रोजगार हमीतून झालेल्या कामांचे जिओ-टॅग केलेले, म्हणजे जागेची नोंद असलेले, फोटो इस्रोच्या ‘भुवन’ या नकाशांच्या संकेतस्थळावर असतात, आणि पंचायतीच्या इतर कामांचे फोटो ग्रामविकास खात्याच्या ‘गांधी साक्षी कायक’ या सॉफ्टवेअरमध्ये चढवलेले असतात. तिथून जुना फोटो काढून नव्या फोटोशेजारी लावला की वाद मिटतो. हे काम फुकट आहे, पंचायतीच्या कॉम्प्युटरवर होतं. यासाठी वेगळे पैसे मागणाऱ्याला ते देऊ नका.

मालमत्ता कुणाची, हे न बघता केलेल्या फाईली तर ढीगभर. बंधारा-वजा-पुलाचा भराव खचला तरी तो पाटबंधारे खात्याचा असतो. पंचायतीने फक्त त्या खात्याला लेखी कळवून पोच ठेवायची. जिल्हा मुख्य रस्ता सार्वजनिक बांधकामचा. मलिकवाड-दत्तवाडसारख्या ठिकाणी पलीकडचं टोक शिरोळ तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. त्या बाजूचा एक मीटरसुद्धा आपल्या मोजमापात धरता येत नाही. जलजीवन मिशनची पाइपलाइन उघडी पडली असेल तर आधी कंत्राटाचा दोष-दायित्व काळ, म्हणजे दुरुस्ती कंत्राटदारावर असते तो काळ, बघावा. तो चालू असेल तर आधी कंत्राटदाराला लेखी नोटीस जायला हवी. आणि जी दुरुस्ती १५ व्या वित्त आयोगाच्या पैशातून करून बिल काढलं, तीच पुन्हा एसडीआरएफला दाखवणं हा तर उघड दुहेरी दावा. फाईलवाले हे सुचवतात, ‘दोन्हीकडून येऊ दे’ म्हणतात. वसुली निघते ती पीडीओ आणि अध्यक्षांवर, फाईलवाल्यावर नाही.

इथे एक कटू गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण सेवा विकणारे ती सांगत नाहीत. एसडीआरएफ नव्याने बांधायला पैसा देत नाही, वाट सुरू करायला देतो. रस्त्याबाबत यादी आहे ती अशी: खांडं आणि खड्डे भरणं, पाणी जायला पाइप टाकणं, भरावाला दगडी पिचिंग, मोडलेल्या मोरीची दुरुस्ती, पुलाशेजारी तात्पुरता वळणरस्ता. २०१५ च्या निकषांत ग्रामीण रस्त्याला किलोमीटरमागे ६०,००० रुपये, पाणी योजनेला प्रत्येकी दीड लाख, पंचायतीच्या सामुदायिक इमारतीला २ लाखांपर्यंत असे आकडे होते. निकष पुढे सुधारले, तरी रोख तोच आहे, म्हणून चालू परिपत्रकातला आकडा पाहूनच अंदाजपत्रक करावं. १२ लाखांच्या काँक्रीट रस्त्याचं अंदाजपत्रक करून देणारा पंचायतीला खूश करतो, पण ती फाईल जागची हलत नाही. त्याऐवजी दोन अंदाजपत्रकं करावीत: एक तातडीच्या दुरुस्तीचं, निकषाच्या आत, दुसरं कायमच्या कामाचं, जिल्हा पंचायतीकडे किंवा आमदार निधीकडे पाठवायला. दोन्हींत एकच काम दोनदा येऊ देऊ नये.

मोठ्या पातळीवरही हेच चित्र आहे. २०१९ च्या महापुरानंतर कर्नाटकाने ३५,००० कोटींहून जास्त तोटा मांडला. केंद्राच्या उच्चस्तरीय समितीने जानेवारी २०२० मध्ये एनडीआरएफमधून, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतून, १,८६९.८५ कोटी मंजूर केले. तोटा आणि निकषांत बसणारी रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पंचायतीच्या फाईलीतही त्या वेगळ्याच ठेवाव्या लागतात. १५ व्या वित्त आयोगाने एसडीआरएफच्या आत पुनर्बांधणीसाठी वेगळा हिस्सा ठेवला हे खरं, पण त्यासाठी राज्यपातळीवर गरजांचं मूल्यमापन व्हावं लागतं. एका पंचायतीच्या अर्जावर तो सुटत नाही.

कोल्हापूर-इचलकरंजीहून येणाऱ्या सल्लागारांबद्दल वेगळं लिहावं लागेल. बोलणं मराठीत, कामाला वाघ, आणि तिकडच्या पुरांचा अनुभव दांडगा. पण त्यांचा साचा महाराष्ट्राचा. दर तिकडच्या दरसूचीतले, मसुद्यात ग्रामसेवक आणि गटविकास अधिकारी, संदर्भ तिकडच्या शासन निर्णयांचे. कर्नाटकाचं दर पत्रक वेगळं आहे आणि सही पंचायतराज इंजिनिअरिंग विभागाच्या इंजिनिअरची लागते. अशी फाईल पहिल्याच टेबलावरून परत येते. मोजमापाला त्यांना जरूर घ्या, अंदाजपत्रकाला इथलाच माणूस हवा.

भाषेचं म्हणाल तर जागेवरची टिपणं मराठीत घ्यायला काहीच हरकत नाही, उलट साक्षीदाराला वाचता येतं त्या भाषेत महजर वाचून दाखवून मगच सही घ्यावी. वर जाणारी प्रत कन्नडमध्ये असते. तिथे नावांवर लक्ष ठेवायला हवं. आधारवर एक, पहाणीवर (शेतीच्या उताऱ्यावर) दुसरं, बँकेत तिसरं, असं आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असलं की पिकाची आणि घराची रक्कम अडकते. टायपिस्टने उच्चारावरून नाव लिहू नये, कागद समोर ठेवून लिहावं. कन्नड प्रत पीडीओंनी एकदा मोठ्याने वाचावी आणि गावातल्या माणसाने पहाणी हातात धरून तपासावी. अर्ध्या तासाचं काम आहे.

फीबद्दल. अमेरिकेत फेमा या केंद्रीय आपत्ती संस्थेच्या ‘पब्लिक असिस्टन्स’ योजनेत स्थानिक संस्थेला पुराचा खर्च परत देताना केंद्राचा वाटा किमान ७५ टक्के असतो, आणि कागदपत्रं सांभाळण्याच्या खर्चासाठी स्थानिक संस्थेला ५ टक्क्यांपर्यंत वेगळी रक्कम मिळू शकते. तिथल्या सल्लागार कंपन्यांचा धंदा त्यावर उभा आहे. आपल्याकडे एसडीआरएफमध्ये केंद्राचा वाटा ७५ टक्केच आहे, पण निकषांच्या यादीत सल्लागाराची फी ही बाबच नाही. म्हणजे जे काही द्याल ते पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, आधी ठराव करून. मंजूर रकमेच्या टक्क्यावर ठरवलेली फी कधीही मान्य करू नये. टक्का घेणारा आकडा फुगवतो, आणि फुगलेला आकडा निकषात बसत नाही. फी कामावर ठरवावी: प्रत्येक ठिकाणाच्या मोजमापाचे इतके, अंदाजपत्रकाचे इतके, कन्नड मसुद्याचे पानामागे इतके.

ही सेवा नेमकी कुणी घ्यावी? नदीकाठच्या ज्या पंचायतीत एकाच पुरात दहा-पंधरा ठिकाणी नुकसान होतं, आणि ज्या पीडीओंकडे दोन पंचायतींचा कारभार आहे, त्यांनी जरूर घ्यावी. सरकारी इंजिनिअर तेव्हा सगळ्या तालुक्याला पुरा पडत नाही. जिथे एक मोरी आणि शाळेची एक भिंत एवढंच आहे, तिथे पंचायतीच्या माणसांनी वर सांगितलेली लॉगशीट, छेद आणि फोटो नीट ठेवले तर बाहेरच्या माणसाची गरज पडू नये.

घ्यायचीच तर जून संपायच्या आत बोलणी करावी, म्हणजे पाणी चढताना माणूस टेप आणि रजिस्टर घेऊन हजर असेल. पैसे तीन हप्त्यांत द्यावेत. पहिला, मोजमापाच्या नोंदी आणि मूळ फोटो पंचायतीच्या ताब्यात आल्यावर. दुसरा, विभागाच्या इंजिनिअरने अंदाजपत्रकावर सही केल्यावर. तिसरा, तहसील किंवा जिल्हा पंचायतीच्या कचेरीतला आवक नंबर मिळाल्यावर. नोंदींची मूळ प्रत फाईलवाल्याकडे राहू देऊ नये, कारण ऑडिटचा प्रश्न दोन-तीन वर्षांनी येतो. तोवर पीडीओ बदललेले असतात आणि फाईलवाल्याने फोन नंबर बदललेला असतो.